आखाती बाजारपेठ आणि आपल्या घरचे लोणचे

(जळगाव येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावर उभे केले आहे ते मी कोणी अर्थशास्त्राचा पंडित आहे म्हणून नव्हे. बहरीन देशाची राजधानी मनामा, तेथील एका किराणा आयात करणाऱ्या पेढीत मी बावीस वर्षे हिशेबनीस होतो, एवढेच माझे भांडवल. आपल्या महिला शाखेच्या भगिनी गेली तीन वर्षे आखाजीनंतर कैरीचे लोणचे घालून मेळाव्यात विकतात आणि ते दुपारच्या आतच संपते, हे आपण सर्व जाणता. या यशाने उत्साहित होऊन ते लोणचे आखाती देशांत पाठवावे, आरंभ बहरीनपासून करावा, आणि त्यासाठी मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून कर्जाऊ रक्कम द्यावी, असा ठराव आज सायंकाळच्या सभेपुढे यावयाचा आहे. त्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी तेथील बाजाराचे खरे चित्र आपल्यापुढे असावे, एवढ्याच हेतूने मी बोलणार आहे.

प्रथम देशाची ओळख करून घेऊ. अरबी भाषेत ‘बहरैन’ म्हणजे दोन समुद्र. हा बेटांचा देश इतका लहान आहे की आपल्या जळगाव जिल्ह्याचे पंधरा भाग केले तर त्यांतील एका भागाएवढे त्याचे क्षेत्रफळ भरेल. लोकसंख्या पंधरा-सोळा लाखांच्या घरात, म्हणजे २०११ च्या शिरगणतीतील धुळे जिल्ह्याच्या वीस लाखांपेक्षाही कमी. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक परदेशातून पोटासाठी आलेले, आणि भारतीय तीन लाखांहून अधिक. शेतीयोग्य जमीन थोडी व गोडे पाणी दुर्मिळ असल्यामुळे खाण्याचे बहुतेक जिन्नस बाहेरूनच येतात. १९८६ साली सौदी अरेबियाशी जोडणारा समुद्रावरील पूल झाला. परंतु आपला माल न्हावाशेव्याहून जायचा तो बोटीनेच.

या देशाशी आपला संबंध आजचा नाही. १९३२ साली तेथे तेल सापडले, त्यापूर्वी बहरीनची श्रीमंती मोत्यांवर उभी होती, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई ही होती. तेथील व्यापारी हंगामानंतर मुंबईला येऊन राहत. इकडचे भाटिया व्यापारी मनाम्याच्या बाजारात पेढ्या मांडून बसत. त्यांनी स्थापन केलेले श्रीनाथजींचे मंदिर आज दोनशे वर्षांचे आहे. आपल्यापैकी तरुणांना कदाचित नवल वाटेल, परंतु बहरीनमध्ये एके काळी व्यवहार आपल्या रुपयात चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशांकरिता वेगळ्या नोटा काढल्या. १९६५ साली बहरीनने स्वतःचा दिनार सुरू केला, तेव्हा दहा रुपयांना एक दिनार असा भाव होता. आज त्याच एका दिनाराला दोनशे रुपयांहून अधिक मोजावे लागतात. या आकड्यानेच पुष्कळांना तिकडच्या व्यापाराचा मोह पडतो. त्या मोहाविषयी पुढे बोलेन.

लोणच्याच्या बाबतीत तर आपण तेथे फार पूर्वीच पोहोचलो आहोत. इराकात आणि आखातात कैरीचे एक पिवळे, आंबट, मेथी-हळदीचे लोणचे घरोघर खातात. त्याला ते ‘अंबा’ म्हणतात. हा शब्द आपल्या मराठीतील ‘आंबा’च होय, असे शब्दांची कुळी शोधणारे सांगतात. मुंबईत पेढ्या असलेल्या बगदादी यहुदी व्यापाऱ्यांकडून हा पदार्थ तिकडे रूढ झाला अशी परंपरागत समजूत आहे. पुढे इराकमधून इस्रायलात गेलेल्या यहुद्यांनी तो तेथेही नेला. ‘अचार’ हा शब्दही बहरीनच्या बाजारात सर्वांना समजतो. तात्पर्य, लोणचे म्हणजे काय हे त्या गिऱ्हाइकाला शिकवावे लागत नाही. ही आपली पहिली जमेची बाजू.

परंतु गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न नीट विचारला पाहिजे. आपल्या मनात चित्र असते ते असे: परदेशी गेलेला मराठी माणूस, त्याला गावची आठवण, आणि आपली बरणी पाहताच त्याच्या डोळ्यांत पाणी. बंधूंनो, बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हा मराठी माणूस आपले सर्वांत कच्चे गिऱ्हाईक आहे. एक तर तेथे मराठी कुटुंबे मूठभर. बहुसंख्य भारतीय केरळचे आहेत. दुसरे असे की, हे मराठी कुटुंब दर वर्षी सुटीत घरी येते आणि परतताना सासरची एक व माहेरची एक अशा दोन बरण्या कपड्यांत गुंडाळून नेते. मी स्वतः तेच करीत असे. ज्याच्या सामानात आईच्या हातचे लोणचे आहे, तो दुकानातले कशाला घेईल? तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आपले लोणचे एका सायंकाळी हातोहात खपेल. आणि मग पुढचा गणेशोत्सव येईपर्यंत फळीवर बसेल.

खरे गिऱ्हाईक निराळे आहे. इमारतींवर काम करणारा, कंपनीच्या वसतिगृहात आठ-दहा जणांबरोबर राहणारा कामकरी, मग तो बिहारचा असो, तेलंगणाचा, पाकिस्तानचा वा बांगला देशाचा, रोज रात्री भात किंवा ‘खुबूस’ नावाची रोटी आणि एखादी डाळ खातो. त्याच्या ताटाला चव लोणच्यानेच येते. पगाराच्या दिवशी तो लहान पुडी घेतो. काचेची मोठी बरणी त्याला परवडतही नाही व ठेवायला जागाही नसते. दुसरे गिऱ्हाईक केरळचे कुटुंब. त्यास कोवळ्या अख्ख्या कैरीचे, लिंबाचे आणि मासळीचे लोणचे लागते, आणि ते पुरविणारे केरळचे कारखानदार तेथे पाय रोवून आहेत. तिसरे गिऱ्हाईक स्वतः बहरीनी गृहिणी; भात-मासळीबरोबर तिला आंबट हवे, तिखट बेताचे हवे, आणि आपल्या मोहरीचा झणका तिला सोसत नाही. या तिघांपैकी कोणासाठी लोणचे घालावयाचे हे ठरविल्याशिवाय कैरी फोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला संकोच होतो. परंतु ते न सांगता उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०११ साली मी स्वतः हा उद्योग केला होता. धुळ्याला माझ्या वडील बंधूंच्या घरी वहिनींच्या देखरेखीखाली सात-आठ बायांनी लोणचे घातले. वहिनींच्या हाताची चव आमच्या सबंध आप्तवर्गात वाखाणलेली. साठ खोकी, प्रत्येकी बारा बरण्या. भांडवलासाठी वहिनींनी आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या. मी मनाम्यास बसून पत्र लिहिले होते की, चार महिन्यांत पाटल्या सोडवून देतो.

माल भर उन्हाळ्यात निघाला. घरातली बरणी कोनाड्यात, अंधारात, दादरा बांधून वर्षभर उभी असते. तिला कोणी हलवीत नाही. बोटीवरची बरणी तापलेल्या लोखंडी पेटीत आडवी होते, उलटी होते, हिंदकळते. तेल पातळ होऊन झाकणाच्या आट्यांतून झिरपले. चौदा खोकी तेलाने भिजून आली. उरलेल्या मालावर नाव मराठीत व इंग्रजीत होते, अरबीत अक्षरही नव्हते. आणि तयार केल्याची तारीख खोक्यावर छापली होती, बरणीवर नव्हती. बंदरावरील अधिकाऱ्यांनी माल अडवून धरला. त्यात त्यांचा काडीमात्र दोष नव्हता. नियम छापील होता आणि मी, आयातदाराचा हिशेबनीस असूनही, घरच्या मालाला तो लागू पडतो हे विसरलो होतो. चिठ्ठ्या नव्याने छापून चिकटविण्यात दोन महिने गेले.

तरीही माल खपू लागला. आमची खरी चूक नंतर उघडकीस आली. निम्मी खोकी मृगापूर्वीच्या कडक, आंबट कैरीची होती. निम्मी एक पाऊस पडून गेल्यानंतरच्या, पाडाला लागलेल्या कैरीची. शिवाय मीठ-तिखट प्रत्येक बाईने आपल्या मुठीने घातलेले, आणि मूठ ही प्रत्येकीची निराळी. एका मल्याळी दुकानदाराने मला दोन बरण्या उघडून दाखविल्या आणि म्हटले, “पहिली बरणी ज्यांनी आनंदाने नेली, तेच दुसरी परत घेऊन आले. चिठ्ठी एक आणि आत लोणची दोन, हे कसे?” मजजवळ उत्तर नव्हते. त्याने उरलेली खोकी परत केली. वहिनींच्या पाटल्या सुटल्या नाहीत. त्यांनी त्याविषयी मला आजतागायत एक शब्दही ऐकविला नाही. परंतु पुढच्या आखाजीला त्यांनी मला पुरणपोळी वाढली, तेव्हा त्यांच्या हातांत केवळ काचेच्या बांगड्या होत्या.

असो. हा अनुभव खर्ची पडला तो पडला; त्यातून जे शिकलो ते आपल्या भगिनींच्या उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट वजनकाट्याची. घरच्या लोणच्यात चव वर्षागणिक बदलली तर घरचे लोक म्हणतात, यंदा कैरीच तशी होती. विकत घेणारा असे म्हणत नाही. त्यासाठी कैरी एकाच सुमारास, एकाच भागातून घ्यावी; आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या बाजूस गावरान आंब्याची झाडे आहेत. फोडी तोलून, मीठ तोलून, तिखट तोलून घ्यावे. मिठावरच टिकणाऱ्या लोणच्यात मीठ निदान १२ टक्के असावे आणि तेलातील लोणच्यात निथळलेल्या फोडींचे वजन ६० टक्क्यांहून कमी नसावे, अशी आपल्या देशातील मानके आहेत. लोणचे टिकते ते मीठ, आंबटपणा आणि वरचा तेलाचा थर या तिघांच्या आधाराने. आंबटपणा पुरेसा असला म्हणजे घातक जंतूंची वाढ होत नाही, आणि तेलामुळे हवा लागत नाही. त्यांपैकी तेलाचा आधार प्रवासात डळमळतो, म्हणून बाकीचे दोन पक्के हवेत. आणि झाकणाखाली बरणीच्या तोंडास धातूचा पातळ पापुद्रा उष्णतेने चिकटवून घ्यावा. त्याची लहान यंत्रे मिळतात.

दुसरी गोष्ट कागदांची. पूर्वी १९५५ चा फळप्रक्रिया आदेश होता. आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे व त्याखालील परवाना घ्यावा लागतो. परदेशी व्यापाराचा आयात-निर्यात क्रमांक व ‘अपेडा’ या सरकारी संस्थेकडील नोंदणी, हे त्यापुढचे टप्पे. बहरीनसाठी चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख, उत्पादक देश, हे सर्व अरबीत हवे. घटक लिहिताना एक खोच आहे. ज्यांपासून काही माणसांना अपाय होतो, असे पदार्थ स्पष्ट लिहावे लागतात. आपले तेल शेंगदाण्याचे. तो अशा पदार्थांत मोडतो. बाजारातील मिश्र हिंगात गव्हाचे पीठ असते. तेही लिहावे लागते. “चिमूटभर हिंग, त्यात काय लिहायचे?” असे म्हणून चालत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि दिनाराच्या मोहावर उतारा तोच. समजा, धुळ्यात बरणी १०० रुपयांस तयार झाली. बोटभाडे, विमा व हमाली मिळून २० रुपये धरा, झाले १२०. आखाती देशांची २००३ पासूनची समाईक जकात सर्वसाधारणपणे ५ टक्के, झाले १२६. आयातदार २० टक्के घेईल. झाले सुमारे १५१. दुकानदार २५ टक्के घेईल, झाले १८९. त्यावर मूल्यवर्धित कर, जो तेथे २०१९ साली आला व ज्याचा सर्वसाधारण दर २०२२ पासून १० टक्के आहे, झाले २०८. भाड्याचे व नफ्याचे आकडे मी नमुन्यादाखल धरले आहेत, त्यांत कमीअधिक होईल. परंतु १०० ची वस्तू फळीवर जाईतो दुपटीची होते, हे सूत्र खरे. गिऱ्हाइकाने दिलेला दिनार आपल्यापर्यंत अर्धासुद्धा पोहोचत नाही. आणि त्या अर्ध्यातच कैरी, तेल, बरणी, मजुरी व फुटतूट बसवावयाची आहे. शिवाय आयातदार पैसे माल पोहोचताच देत नाही, विकल्यावर देतो. म्हणजे एक हंगाम संपून दुसऱ्या हंगामाची कैरी बाजारात येते, तेव्हा पहिल्याचे पैसे हाती पडतात. हा मधला काळ ज्याला सोसवत नाही, त्याने या व्यापारात उतरू नये.

आपण विचाराल, मग हा माणूस आम्हांस परावृत्त करावयासच उभा राहिला आहे काय? मुळीच नाही. खान्देशाचा माल आखातात जाऊ शकतो, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला रवाना झाली. केळ्यासारखे नाजूक फळ जर जाऊ शकते, तर मुरलेले लोणचे का जाऊ नये? नंदुरबार व दोंडाईचाची मिरची आपल्या दाराशी आहे, गावरान कैरी आहे, कागदी लिंबू आहे, फोडी सुकविण्यास वैशाख-ज्येष्ठाचे ऊन तर देवाने आपल्याला पोटभर दिले आहे. उणीव आहे ती एका सूत्राने चालण्याची.

त्या बाबतीत लिज्जत पापडाचा दाखला मला नेहमी आठवतो. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. देणगी घ्यावयाची नाही, नफा-तोटा सर्वांनी वाटून घ्यावयाचा, आणि पापड घराघरांत लाटला तरी पीठ मध्यवर्ती ठिकाणीच भिजवावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. पीठ एक म्हणून चव एक. आमच्या लोणच्यात हेच नव्हते. आपल्या भगिनींनीही मसाला एकाच ठिकाणी, एकाच काट्यावर तयार करावा. मग फोडी कोणत्याही घरी मुरवाव्यात.

आता ठरावाविषयी. माझी सूचना अशी आहे. पहिले वर्ष जळगाव, धुळे, भुसावळ येथील दुकानांत माल ठेवावा आणि बारा महिने एकच चव टिकते का, हे पाहावे. घरच्या बाजारात जी बरणी परत येते, तिचे नुकसान शंभर रुपये. समुद्रापलीकडे जी परत येते, तिचे नुकसान कितीतरी पट. दुसऱ्या वर्षी थोडा माल, दहा-वीस खोकी, अन्य निर्यातदाराच्या मालाबरोबर नमुन्यादाखल पाठवावा. त्यात लहान पुड्या असाव्यात, आणि बहरीनी घरांसाठी कमी मोहरीचा एक प्रकार वेगळा असावा. त्याचे नाव आपण ‘अंबा’ ठेवू; तो शब्द मूळचा आपलाच आहे. तिसऱ्या वर्षी पूर्ण मालाचा विचार करावा.

भांडवलासाठी भगिनींनी प्रत्येकी अल्प रकमेचा भाग घ्यावा. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली. तीत यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के अनुदानाची आणि बचतगटांतील सभासदांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केली गेली. अशा सरकारी साह्याची आज काय स्थिती आहे, याची चौकशी जिल्हा कृषी कार्यालयात करण्यास माझ्यासारखा निवृत्त माणूस आनंदाने खेपा घालील.

परंतु शिष्यवृत्ती निधीला हात लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो निधी ज्यांनी उभा केला त्यांपैकी पुष्कळ आज हयात नाहीत. त्या पैशावर आपल्या मुलामुलींच्या वह्यापुस्तकांचा व वसतिगृहांचा हक्क आहे. व्यापारात तोटा येणे पाप नव्हे. परंतु ज्याने तो पत्करलेला नाही, त्याच्या शिरावर तो लादणे बरे नव्हे. मी एकदा दुसऱ्याच्या पाटल्यांवर व्यापार केला आहे. त्या कशा सुटत नाहीत, हे मी पाहिले आहे.

माझ्या वहिनी आज या सभेत मागील रांगेत बसल्या आहेत. मी हे सांगावे की नाही, असे सकाळी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “सांगा भाऊजी. आणि हेही सांगा, की मसाल्याचा काटा धरायला मी येईन.” त्यांचा हा निरोप महिला शाखेच्या स्वाधीन करतो.